खासनीसांचा खास भाडेकरू

खासनीसांच्या घराचा वरचा मजला मिळाला तो शलाकाच्या एका वाक्यामुळे, आणि ती ते वाक्य बोलली तेव्हा कुणालच्या तोंडात चकली होती. चकली नसती तर आपण तिथल्या तिथे नाही म्हटलं असतं, असं तो पुढे कित्येक महिने स्वतःला बजावत राहिला. तोंडातली चकली गिळायला असा कितीसा वेळ लागतो, हे मात्र त्याने स्वतःला कधी विचारलं नाही.

ही गोष्ट २०१४ च्या सप्टेंबरातली. कुणाल आणि शलाका पुण्यात एकाच कॉलेजात शिकलेले. तो अ‍ॅमस्टरडॅमला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला, ती तिथल्याच विद्यापीठात संशोधन करायला आली. दोघांत मैत्री होती आणि नुसती मैत्रीच होती. कंपनीने दिलेली खोली कुणालला महिनाअखेर सोडायची होती, शलाका एका मैत्रिणीच्या सोफ्यावर दिवस काढत होती. शहरात जागा मिळता मिळत नव्हती. पत्ता नाही म्हणून नगरपालिकेत नोंद नाही, नोंद नाही म्हणून बँकेत खातं नाही, आणि खातं नाही म्हणून कुणी जागा देत नाही, अशा चक्रात दोघं फिरत होते. शेवटी दोघांनी मिळून एकच जागा बघायची ठरवली. तेवढ्यात अ‍ॅमस्टेलव्हीनमधल्या वासुदेव खासनीसांचा वरचा मजला रिकामा असल्याचं कानावर आलं. दोन खोल्या, एक छोटं स्वयंपाकघर, आणि पाच नंबरच्या ट्रामचा थांबा कोपऱ्यावर.

खासनीस या देशात पंचवीस वर्षं राहत होते. दुधाची भुकटी करणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत ते मोठ्या हुद्द्यावर होते. घरात शिरताच त्यांनी दोघांना चपला कुठे ठेवायच्या, सायकली कुठे लावायच्या आणि जिन्यावरून उतरताना कठडा कुठल्या हाताने धरायचा ते सांगितलं. मग प्रमोदिनीकाकूंनी चहा आणि चकल्या आणल्या आणि खासनीसांनी मुद्द्याला हात घातला. तुमचं दोघांचं नातं काय? मित्र, असं कळल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. लग्न न झालेला मुलगा आणि मुलगी एका मजल्यावर राहणं त्यांना चालणार नव्हतं. उद्या पुण्याहून तुमचे आईवडील विचारतील तर काय सांगू, असं त्यांचं म्हणणं.

शलाकाने आदल्या दिवशी अकरावी जागा बघितली होती. तिथल्या न्हाणीघरात कबुतरं होती.

"काका, तुम्ही उगीच काळजी करता," ती म्हणाली. "कुणालला मुलींमध्ये रसच नाही. त्याला मुलगे आवडतात."

कुणालचं चावणं थांबलं. प्रमोदिनीकाकूंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा शलाकाकडे पाहिलं, आणि चकल्यांची बशी त्याच्यापुढे आणखी सरकवली. खासनीस खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक बरंच काही सरकत गेलं. शेवटी घसा खाकरून, पाठ ताठ करून, दंडात सुई टोचून घेणाऱ्या माणसाच्या आवाजात ते म्हणाले, "मी पंचवीस वर्षं या देशात आहे. मला यात काही म्हणजे काहीही वाटत नाही."

आणि त्यांनी किल्ली काढून दिली.

बाहेर पडल्यावर कुणाल शलाकावर एवढा चिडला की ट्राम सोडून पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेला. ती मागून सायकल ढकलत येत होती. दोन महिन्यांत दुसरी जागा बघू, तोवर कुणाला काय फरक पडतो, असं ती समजावत होती. कुणाल म्हणाला की फरक मला पडतो. पण त्या रात्री त्याने बॅगा भरल्या, हेही खरं.

मग खासनीसांनी काय केलं? ते म्हणाले होते की आपल्याला काही वाटत नाही, आणि ते शब्दाला जागणारे गृहस्थ होते. काही वाटत नाही हे दाखवण्यासाठी त्यांनी जी मेहनत घेतली ती बघून कुणाल थक्क झाला. पहिल्या आठवड्यात ते त्याला एकदम अहो-जाहो करू लागले. पाठीवर थाप मारायची सवय होती, ती त्यांनी बंद केली. मग थाप बंद केल्याचा त्याला भलता अर्थ लागेल अशी भीती वाटली असावी, कारण दुसऱ्या आठवड्यात त्यांनी इतक्या जोरात थाप मारली की कुणालच्या हातातली दुधाची पिशवी जिन्यावरून खाली गेली. डच टीव्हीवर या विषयावर काही लागलं की ते खालून हाक मारायचे, आणि दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसून एक अवाक्षर न बोलता तो कार्यक्रम संपेपर्यंत बघायचे. कार्यक्रम संपला की खासनीस म्हणायचे, "चांगला होता." कुणाल म्हणायचा, "हो, माहितीपूर्ण."

एकदा त्यांनी कुणालला दिवाणखान्याचे पडदे निवडायला दुकानात नेलं. अशा बाबतीत तुमची नजर चांगली असते, असं त्यांनी फार आदराने सांगितलं. कुणालकडे स्वतःचे तीन टी-शर्ट होते आणि तिन्ही करडे. त्याने घाबरून समोर दिसेल त्या कापडावर बोट ठेवलं. ते कापड मोहरीच्या रंगाचं होतं आणि त्यावर जांभळे बगळे होते. खासनीसांनी ते शिवून घेऊन लावलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्या बगळ्यांचं कौतुक सांगू लागले. प्रमोदिनीकाकू त्या पडद्यांकडे पाठ करून बसायच्या.

काकूंनी मात्र त्याला कधी वेगळं वागवलं नाही. आमटी उरली की वर पाठवायच्या, एवढंच. फक्त एकदा भाजी निवडताना त्यांनी विचारलं, "आईला माहीत आहे का रे?"

कुणाल म्हणाला, नाही. काकू म्हणाल्या की मग तिला घाईने काही सांगू नकोस, नीट विचार करून सांग. असं म्हणताना त्यांनी मान वर केली नाही, त्यामुळे त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काय चाललं होतं ते कुणालला दिसलं नाही.

दिवाळीच्या सुमाराला खासनीस वर आले, दार उघडं असूनही टकटक केली आणि खुर्चीवर टेकून एक परवानगी मागितली. मराठी मंडळात लोक काहीबाही बोलतात, मागासलेपणा अजून गेलेला नाही, तेव्हा आपल्या घरातलं उदाहरण मी चारचौघांत सांगितलं तर तुमची हरकत आहे का? नाही म्हणायची ही अगदी सोन्यासारखी संधी होती. पण खासनीसांचा चेहरा असा उजळला होता की कुणालच्या तोंडून निघालं, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा. हीच त्याची मोठी चूक.

दिवाळीच्या कार्यक्रमात खासनीसांनी फराळाच्या रांगेत उभं राहून पाच मिनिटांचं भाषण केलं. माझ्या वरच्या मजल्यावर, असं त्यांनी भाषणात इतक्या वेळा म्हटलं की काही लोक छताकडे बघू लागले. काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी घाईने चिवड्याकडे मोर्चा वळवला. सुनेत्रा नावाच्या बाई गेले दोन महिने आपल्या भाचीचा फोटो कुणालला दाखवत होत्या, त्यांनी फोन पर्समध्ये टाकला तो टाकलाच. कुणाल एका कोपऱ्यात लाडू धरून उभा राहिला.

तिथे त्याच्याजवळ विनायक राजाध्यक्ष आले. हे दाताचे डॉक्टर, पन्नाशीचे, जवळच्या डीमन गावात एकटे राहतात अशी मंडळात समजूत. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला पेटी वाजवायला यायचे आणि पेटी बंद झाली की निघून जायचे. ते हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या वयाचा असताना मला हे जमलं नव्हतं. आताही जमत नाही." आणि कुणालचा हात दाबून ते कोट घालायला गेले.

कुणालने लाडू न खाताच खाली ठेवला. आतापर्यंत त्याला वाटत होतं की हा खेळ त्याच्या आणि शलाकाच्या दोघांतला आहे, फार तर खासनीसांपुरता. घरी येताना ट्राममध्ये त्याने तिला ते सांगितलं. ती म्हणाली की आपण लवकर दुसरी जागा बघू.

ती जागा काही बघितली गेली नाही, आणि त्याचं कारण भलतंच निघालं. जानेवारीत कुणाल बर्फावर सायकलवरून घसरला आणि त्याचं मनगट मोडलं. महिनाभर शलाका त्याच्या कोटाची बटणं लावायची, त्याची पोळी तोडून द्यायची आणि त्याच्या बाबतीत जगातल्या सगळ्या गोष्टी स्वतःच ठरवायची. एका सकाळी तिने शेवटचं बटण लावलं आणि हात तिथेच ठेवला. कुणालला ऑफिसला जायला उशीर झाला.

पुढचे दोन-तीन महिने त्या दोघांनी जे सुख उपभोगलं ते प्रेमात पडलेल्या फार थोड्या मराठी मुलामुलींच्या वाट्याला आलं असेल. त्यांच्यावर कुणाचा संशयच नव्हता. ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून सोफ्यावर झोपली तरी खासनीस कौतुकाने म्हणायचे, अशी निर्मळ मैत्री हल्ली बघायला मिळत नाही. मंडळाच्या सहलीला दोघांना एक तंबू मिळाला. नवरा-बायकोंना मात्र कार्यकर्त्यांनी बायका एकीकडे, पुरुष एकीकडे असं वाटून टाकलं होतं.

पण त्याच काळात राजाध्यक्ष दर रविवारी खासनीसांकडे येऊ लागले. आधी पेटीची निमित्तं असायची, मग निमित्त लागेनासं झालं. आणि एप्रिलमधल्या एका रविवारी त्यांच्याबरोबर मार्टेन आला. उंच, टक्कल पडलेला, शाळेत भूगोल शिकवणारा. राजाध्यक्ष दारातच उभे राहिले आणि तयारी करून आलेल्या माणसासारखे एका दमात म्हणाले की हा मार्टेन, आम्ही सतरा वर्षं एकत्र राहतो.

कुणाल जिन्यात उभा होता. त्याने बघितलं, खासनीस क्षणभरसुद्धा अडखळले नाहीत. सहा महिन्यांचा सराव होता. त्यांनी मार्टेनच्या हातातली फुलं घेतली, चपला कुठे ठेवायच्या ते सांगितलं आणि आतल्या दिशेने श्रीखंडाच्या वाट्या सांगितल्या. नंतर राजाध्यक्ष नळाशी हात धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. पाणी वाहत असल्याचा आवाज येत राहिला. मार्टेन उठून आत गेला, तेव्हा खासनीस पडद्यावरच्या बगळ्यांकडे एकटक बघत बसले होते.

त्या दिवशी कुणालने ठरवलं की आता सांगायचं. शलाकानेही ठरवलं. पुढच्या शनिवारी सकाळी दोघं खाली गेले, काका-काकूंसमोर बसले आणि कुणालने सांगून टाकलं की माझं शलाकावर प्रेम आहे आणि आम्ही लग्न करणार आहोत.

खासनीस दुःखी झाले. त्यांनी शलाकाला जरा आत जायला सांगितलं. ती गेली नाही, तेव्हा तिच्यासमोरच त्यांनी कुणालचा हात हातात घेतला.

"आईने दबाव आणला ना?" ते म्हणाले.

कुणाल म्हणाला, तसं काही नाही. खासनीसांनी मान हलवली. हे असंच होतं, त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. घरचे रडतात, मुलगा कुणाशी तरी लग्न करतो आणि दोन आयुष्यं फुकट जातात. तुझ्या आईशी मी बोलतो, आत्ता फोन लाव, असं म्हणून त्यांनी चष्मा चढवला. कुणालने जीव तोडून सांगितलं की काका, मला खरोखर मुली आवडतात, पहिल्यापासून आवडतात. खासनीस म्हणाले की सगळे सुरुवातीला असंच म्हणतात. शलाका म्हणाली, काका, मी खात्रीने सांगते. त्यावर ते तिला म्हणाले की बाळ, तू भोळी आहेस.

कुणाल आयुष्यात इतका हतबल कधी झाला नव्हता. खोटं पटवायला एक वाक्य पुरलं होतं, खऱ्याला पुरावा सापडेना.

शेवटी काकूंनी वाटाणे सोलता सोलता तोंड उघडलं. "अहो, त्याला मुलीच आवडतात. जागा मिळावी म्हणून खोटं बोलली होती ही. मला त्याच दिवशी कळलं."

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. काकूंनी सांगितलं की शलाका ते बोलली तेव्हा मुलगा चिडलाही नाही, लाजलाही नाही. नुसता तिच्याकडे बघत राहिला, आणि मग मुकाट्याने पुढची चकली उचलली. असं कुणी कुणासाठी उगीच करत नाही.

खासनीस उठले. खिडकीपाशी गेले.

"म्हणजे मी उगाच सुधारलो?" ते म्हणाले.

"उगाच का होईना, सुधारलात," काकू म्हणाल्या.

मला का नाही सांगितलंस, असं त्यांनी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या की तुम्ही इतक्या वर्षांत पहिल्यांदाच स्वतःचा एखादा नियम मोडून कुणाला घरात घेतलं होतंत, मला बघायचं होतं तुम्ही कुठवर जाता. एवढं म्हणून त्यांनी वाटाण्याची टरफलं गोळा केली.

खासनीस तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी वर आले. या वेळी टकटक केली नाही. लग्नाची तारीख आईवडिलांशी बोलून ठरवा आणि तोवर शलाकाने खालच्या खोलीत काकूंच्या शेजारी राहायचं, असा हुकूम त्यांनी सोडला. आणि दुसरी गोष्ट, मंडळात हे इतक्यात कुणाला सांगायचं नाही. मी भाषण केलंय, लोक मला बोलावतात, रॉटरडॅमच्या मंडळाने पुढच्या महिन्यात बोलावलंय. तेव्हा निदान रॉटरडॅम होईपर्यंत तू होतास तसाच राहा.

कुणालने पहिल्यांदाच त्यांना ठाम नकार दिला. तो म्हणाला, बाकीच्यांचं तुम्ही बघा, पण डॉक्टरांना मी स्वतः जाऊन सांगणार. खासनीस म्हणाले, "ते मात्र सांग. त्यांना सांगायलाच हवं."

डीमनला राजाध्यक्षांच्या घरी मार्टेन स्वयंपाक करत होता आणि कांद्याचा वास सुटला होता. कुणालने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. जागा, चकली, शलाका, सगळं. राजाध्यक्ष ऐकत होते. मार्टेनला मराठी कळत नसे, पण त्याने गॅस बारीक केला.

"मला राग यायला हवा," राजाध्यक्ष म्हणाले. "आणि थोडा येतोय."

कुणाल म्हणाला, यावाच.

मग राजाध्यक्ष सांगू लागले. अठ्ठ्याऐंशी साली ते टिलबर्गला शिकायला आले होते. एका भारतीय कुटुंबाकडे खोली मिळाली, पण त्या गृहस्थांना एकटा मुलगा ठेवायची धास्ती होती. तेव्हा राजाध्यक्षांनी आपल्या वहिनीच्या बहिणीचा फोटो टेबलावर ठेवला आणि सांगितलं की ही माझी होणारी बायको. चार वर्षं तो फोटो टेबलावर होता. घरमालकीण त्या मुलीला राखी पौर्णिमेला, दिवाळीला भेटकार्डं पाठवायची. त्या मुलीचं तिकडे नागपूरला लग्न होऊन दोन मुलं झाली, तरी राजाध्यक्ष टिलबर्गमध्ये तिची वाट बघत होते.

"जागेसाठी मीही खोटं बोललो," ते म्हणाले. "फक्त माझं खोटं सगळ्यांनी सहज गिळलं. आणि खरं सांगायला मला त्या घरमालकांच्या दारात कधी जावंसं वाटलं नाही. तू आलास."

मार्टेनला त्यांनी डचमध्ये सगळं समजावलं. मार्टेनने पळीने भांड्याच्या काठावर एकदा टकटक केलं, हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तो फसला. तो राजाध्यक्षांच्या कानात काहीतरी बोलला. राजाध्यक्षांचा चेहरा हळूहळू बदलला. माफी द्यायला हरकत नाही, ते म्हणाले, पण फुकट नाही. ऑगस्टमध्ये समलिंगी लोकांची कालव्यावरून मिरवणूक निघते, तीत मार्टेनच्या गाणाऱ्या मंडळींची बोट असते. त्यातला एक जण गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे येणार नाही. त्याचा झगा कुणालला बरोबर होईल असं मार्टेनचं मत होतं.

झगा केशरी होता. त्याच्याबरोबर परातीएवढी फुलांची टोपी होती, आणि प्रत्येक पुलाखालून जाताना ती काढून छातीशी धरायची आणि पुलापलीकडे गेल्यावर लोकांना अभिवादन करत पुन्हा घालायची असा दंडक होता. शलाका तालमींना हजर राहायची आणि काही उपयोगाचं करायची नाही, नुसती हसायची.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी प्रिन्सनग्राख्त कालव्याच्या दोन्ही काठांवर पाय ठेवायला जागा नव्हती. बोट वळणावरून आली तेव्हा कुणाल पुढच्या रांगेत मार्टेनशेजारी उभा होता. तोंडाने तो गाणं म्हणत होता, पण शब्द त्याला अर्धेच येत होते. राजाध्यक्ष बोटीवर पेटी घेऊन बसले होते. मंडळाबाहेर चारचौघांत पेटी वाजवायची त्यांची ती पहिलीच वेळ होती.

पुलाच्या कठड्याशी खासनीस होते. डोक्याला भाच्याच्या लग्नातला गुलाबी फेटा, एका हातात थर्मास. शेजारी काकू आणि शलाका. बोट जवळ येताच त्यांनी थर्मास काकूंकडे दिला, दोन्ही हात वर केले आणि अख्ख्या कालव्याला ऐकू जाईल असं "कुणाल, टोपी" ओरडले, कारण पूल आला होता आणि तो टोपी काढायला विसरला होता.

त्यांच्या बाजूला एक डच बाई उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, तो तुमचा मुलगा आहे का?

माझा भाडेकरू, खासनीसांनी ऐटीत सांगितलं. मग जरा थांबून, प्रामाणिकपणाला जागून ते पुढे म्हणाले की खरं म्हणजे तो तसा नाहीये. पण मुलगा फार चांगला आहे.

त्या बाईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि समजूतदारपणे म्हणाल्या की सुरुवातीला घरचे सगळे असंच म्हणतात.

खासनीसांनी तोंड उघडलं, काकूंकडे पाहिलं, आणि त्यांच्या हातातला थर्मास घेऊन त्या बाईंना चहा ओतून दिला.